तीन नंबरचं जाळं

तीन नंबरच्या जाळ्यातली चौदावी खवली मनुबाईनं फळीवर ठेवली आणि तिचा हात थांबला.

"किती?" उत्तरानं वहीतून मान वर न काढता विचारलं.

"आठ आनि वर दोन रेघा."

"आठ पॉइंट दोन. पुढे."

मनुबाईनं मासा उचलून बादलीत टाकला नाही. पालथा केला, पुन्हा उताणा केला. पाठ तव्याच्या बुडासारखी काळी, पोट पिवळट आणि टम्म. अंगठ्यानं जरा दाबलं तर गाभोळीचे दोन दाणे बाहेर आले. तिनं तो नाकाशी नेला. कुजलेल्या पाल्याचा वास.

उघड्या पाण्यातली खवली चांदीच्या वर्खासारखी असते, तिला वास नसतो. तीस वर्षं बारीक मासळी विकून मनुबाईला एवढं तर डोळे मिटूनही कळत होतं. आणि तीन नंबर होता उघड्या पाण्यात, बुडालेल्या जुन्या गावाच्या वेशीवर. पाल्याच्या वासाची काळी खवली कुंभेरी धरणात एकाच ठिकाणी मिळायची: आंब्याच्या ओहोळाच्या तोंडाशी. तिथून तीन नंबर पाऊण मैल लांब.

"मनुबाई, काय झालं?"

"काय नाय." तिनं पंधरावी घेतली. "सात. बरोब्बर सात."

सप्टेंबरपासून दर पंधरा दिवसांनी हे काम चाललं होतं. पाण्यात सहा जागा ठरलेल्या. प्रत्येक जागेवर दगडाला बांधलेला निळा कॅन तरंगत होता आणि त्यावर पांढऱ्या रंगात नंबर टाकलेला होता. मनुबाईचा नवरा दाजी आदल्या दिवशी चारला सहा जाळी सोडायचा, सकाळी सहाला उचलायचा आणि एकेक जाळं नंबरच्या गोणीत भरून काठावर आणायचा. मनुबाई मासा सोडवायची, मोजायची, फळीवर धरून लांबी सांगायची. उत्तरा लिहून घ्यायची. ही मुलगी डोंबिवलीची, मासळीच्या विषयात शिकलेली, सरकारी कामावर कराराने लागलेली. पहिले दोन महिने ती होडीत यायची. दिवाळीनंतर साहेबांनी तिच्या गळ्यात आणखी दोन तलाव मारले, तेव्हापासून ती सकाळच्या एसटीनं साडेसातला थेट काठावर उतरायची.

कशासाठी मोजायचं, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मरळ, शिंगाळा ही मोठी मासळी बारीक मासळीवर जगते. बारीक किती उरलीय हे कळलं, की धरण किती दिवस चालेल ते कळतं. जाळ्यामागे सरासरी चाळीसच्या खाली आकडा गेला तर बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं बंद. वर राहिला तर चालू.

गोणी रिकामी झाली. मनुबाईनं आकडा सांगितला. "एकशेबारा."

"कमाल आहे." उत्तरानं पेन कानावर खोचलं. "सगळीकडे उतरतंय आणि तीन नंबरला चढतंय. काका, तुमचा हातगुण आहे."

दाजी होडीच्या काठावर बसून वल्ह्याची दोरी आवळत होता. तो हसला. मनुबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही.

*

दाजीचं खरं नाव कोळवाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. तो ठाकुर्लीच्या खाडीचा. कारखान्यांचं पाणी खाडीत येऊ लागलं, जाळ्यात मेलेली मासळी यायला लागली, मग तीही थांबली. तेव्हा बायकोच्या माहेरी, कुंभेरीच्या काठावर, तो राहायला आला. गावाचा जावई म्हणून सगळ्यांचा दाजी. चौदा घरांची कोळवाडी. नदी अडवून धरण झालं तेव्हा ती वर उचलून ठेवलेली. धरणातल्या मोठ्या मासळीचा ठेका बाहेरच्या माणसाकडे होता. कोळवाडीचा हक्क फक्त बारीकवर.

घरजावयाला गावात काय मान असतो ते सांगायला नको. पहिल्या वर्षी लोक त्याला "खाडीचं कोळंब" म्हणायचे. दाजीनं तोंडानं उत्तर दिलं नाही. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, बगळे कुठे उतरतात हे बघून तो जाळं टाकायचा आणि वीस वर्षांत त्याचं जाळं कधी रिकामं वर आलं नव्हतं. कोळवाडीत त्याची जी काही जागा होती, ती या एका गोष्टीवर.

दुपारी तो ओट्यावर जाळं सांधत बसला होता. मनुबाईनं भाकरीचं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर उकिडवी बसली.

"तीन नंबरचा कॅन कुठं हाय?"

"हाय तिथंच."

"आनि जाळं?"

दाजीनं सुई नायलॉनच्या तंगसातून काढली, पुन्हा घातली. "जाळं कॅनाला बांधून टाकतंय का कोन? जरा हिकडं, जरा तिकडं."

"आंब्याच्या ओहोळावर म्हंजे जरा तिकडं?"

दाजीनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "कोन बोल्लं तुला?"

"खवली बोलली."

यावर दाजीला हसू आलं, पण बायकोचं तोंड बघून ते आत गेलं.

"दिवाळीनंतर जाळं उचललं तिथं," तो म्हणाला. "चार म्हावरं. चार, मनू. रातभर जाळं पान्यात नि चार. ती पोर काठावर उभी, हसुराम उभा, सगळे उभे. चार घेऊन जाऊ त्यांच्यासमोर? पुढच्या टायमाला जरा सरकवलं. मग पानी उतरलं, म्हावरं सरकलं, मी पन सरकलो."

"तीनच?"

"दोन पन. पाच पन." त्यानं तुकडा ताटात परत ठेवला. "एक, चार, सा तिथंच हायत."

"लबाडी केलीत अवो तुम्ही."

"लबाडी कसली?" दाजीचा आवाज चढला. "म्हावरं याच धरनातलं हाय ना? का मी डोंबिवलीच्या बाजारातून इकत आनून टाकलं? सांगितलं काय, म्हावरं मोज. मी म्हावरं आनून दिलं. जिथं नाय तिथं जाळं टाकायला माझ्या बापानं नाय शिकवलं मला."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. कोळ्यानं मासळी असते तिथेच जाळं टाकायचं, हे पोरालाही कळतं. आणि तरी ते चुकलं होतं. किती चुकलं होतं, ते ओट्यावरून दिसत होतं.

पौष महिन्यात या आकड्यांवरच ऑफिसनं कोळवाडीला जादा जाळी मंजूर केली होती. घरटी दोन होती, ती चार झाली. सोसायटीचा चेअरमन हसुराम, मनुबाईचा चुलतभाऊ, पेढे घेऊन घरोघर फिरला होता. आता अंगणाअंगणात सुकवणीच्या बांबूवर जाळी दिसत होती, मासळी नव्हती. मनुबाईच्या स्वतःच्या बांबूवर मूठभर दांडवण वाळत होती आणि तिच्यावर एक कावळा विचार करत बसला होता.

*

संध्याकाळी सून दक्षता, मुलगा चिरागची बायको, डोंबिवलीहून परतली. पहाटेच्या टेम्पोनं कल्याण, तिथून पुढे. बाजाराच्या कोपऱ्यावर पाटी मांडून बसायची. एके काळी पाटीवर दुसरी पाटी असायची. तिनं रिकामी पाटी भिंतीला लावली आणि पाय चोळत बसली.

"लौकर संपलं गो?" मनुबाईनं विचारलं.

"होतं काय संपायला? एक बाई बोलली, मावशी, हे मांजराला घेऊ का? मी बोलली, घ्या, पन मांजराला सांगा वाटे करून खायला." ती हसली. मग तिचं हसू मावळलं. "आई, सगळ्यांचीच पाटी अशी हाय. मग त्या मॅडमच्या वहीत म्हावरं येतं कुठून?"

मनुबाईनं सांगितलं. सुनेपासून लपवायचं तर कोणाला सांगायचं?

दक्षतानं सगळं ऐकून घेतलं. "कोनाला बोलल्या नाय ना?"

"नाय."

"बोलू नका. चिरागची नोकरी या महिन्याला हाय, पुढच्या महिन्याला नाय. कंपनीत पंधरा दिवस काम, पंधरा दिवस घरी. बारीक जाळं बंद झालं तर मी काय पाटीत पाला घेऊन बसू?"

तेवढ्यात अंगणात हसुराम आला. अंगानं आडवा, पांढऱ्या बनियनवर टॉवेल, दुरूनच हाक मारत यायची सवय.

"मनूताई! दाजी कुठं? हायत का आमचे जादूगार?" तो ओट्यावर बसला. "मॅडमचा रिपोर्ट सोमवारी जातोय. सरासरी बेचाळीस बसतीय म्हनाली. दोनानं वाचलो गो. तीन नंबर नसता तर आपलं काय खरं नव्हतं."

"तुमच्या जाळ्यात किती येतं, हसुराममामा?" दक्षतानं विचारलं.

"आमच्या? अगो, आमच्या हातात दाजीचा हात कुठाय?" त्यानं टॉवेलनं मान पुसली आणि बोलताना नजर मनुबाईवर ठेवली. "काय असंल ते असंल. आकडा बेचाळीस हाय, तो बेचाळीस राहू दे. चौदा घरं हायत, ताई."

तेव्हा मनुबाईला कळलं, की हसुरामलाही वास आलाय. कदाचित सगळ्या कोळवाडीला आला असेल. सगळे तोंडावर टॉवेल धरून बसले होते.

*

दुसऱ्या दिवशी तिनं दाजीला सांगितलं, आपलं घरचं जाळं घ्या, मी पण येते. तो नाही म्हणाला नाही. वैशाखाचं ऊन पाण्यावरून उसळून डोळ्यात येत होतं. धरण इतकं उतरलं होतं की जुन्या गावातल्या देवळाचा चौथरा दिसायला लागला होता. तीन नंबरचा कॅन दोन पुरुष खोल पाण्यावर एकटाच डुलत होता.

"इथं," मनुबाई म्हणाली.

"माहीत हाय मला इथं ते." दाजीनं जाळं सोडलं. हात नेहमीसारखा चालेना. शिशाच्या गोळ्या होडीच्या काठावर आपटत गेल्या.

सकाळी सहाला उचललं. पाच खवल्या आणि एक दांडवण. पाच खवल्यांपैकी एक मेलेली. दाजीनं ओलं जाळं मांडीवर घेतलं आणि पाण्याकडे बघत राहिला. छप्पन्न वर्षांच्या माणसाचे खांदे एकदम म्हाताऱ्यासारखे दिसले.

"बघितलंस?" तो म्हणाला. "हे द्यायचं होतं पोरीला?"

"हां. हेच."

मग तिनं होडी ओहोळाकडे घ्यायला लावली. तोंडाशी कोळवाडीची अकरा जाळी लागली होती, एकाला एक खेटून, भिंतीसारखी. तिचं माहेर सगळं तिथं होतं: पाण्यावर जाळं धरणारे हसुरामचे लाल तरंग, वरच्या आळीतल्या रमाबाईच्या बाटल्यांचे तरंग. जाळ्यात चमकणारी खवली पोटानं टम्म होती. पाऊस पडला, ओहोळ वाहायला लागला, की ही मासळी उलट्या पाण्यानं वर चढते, वर भातशेताच्या कडेला अंडी घालते, आणि श्रावणात पोरांच्या बोटाएवढं पिल्लू ओंजळीनं धरणात येतं. मनुबाईनं लहानपणी ते परकराच्या ओच्यात धरलं होतं.

"ही नाय चढायची औंदा," ती म्हणाली.

दाजीनं ऐकलं. पण वल्हं पाण्यात घालून होडी घराकडे वळवली आणि वाटेत एकदाच बोलला. "तू सांगितलंस तर मला हे गाव सोडावं लागंल, मनू. नाय सांगितलंस तर म्हावरं गाव सोडंल. तू ठरव. माझं डोकं चालत नाय."

*

रविवारी मनुबाई सुनेच्या बदली पाटी घेऊन डोंबिवलीला गेली. दक्षताला पाय दुखतात असं निमित्त. अर्धी पाटी विकली, उरलेली ओळखीच्या बाईकडे ठेवली आणि उत्तरानं कधीतरी लिहून दिलेला पत्ता दाखवत, विचारत, तिसरा मजला चढली.

दार उत्तराच्या आईनं, माधवीताईंनी उघडलं. त्यांनी मनुबाईला आत घेतलं, पाणी दिलं, चांगल्या शब्दांत चौकशी केली, आणि ती बसायच्या आधी सोफ्यावर वर्तमानपत्र पसरलं. मनुबाई खाली फरशीवर बसली. माधवीताई म्हणाल्या, "अहो, वर बसा ना." वर्तमानपत्र मात्र तसंच राहिलं.

उत्तरा आतून आली. "मनुबाई? तुम्ही इथे? काकांना बरं नाही का?"

"काका बरे हायत." मनुबाईनं पदर गुडघ्याखाली दाबला. "तीन नंबर तीन नंबरला नाय. दोन पन नाय. पाच पन नाय."

कळायला थोडा वेळ लागला. मग उत्तरानं एकामागून एक प्रश्न विचारले. केव्हापासून? किती अंतर? दरवेळी तेवढंच की बदलत गेलं? मनुबाईनं माहीत होतं तेवढं सांगितलं. उत्तरानं लॅपटॉप उघडला, खाली स्क्रोल करत राहिली. पंख्याखाली वर्तमानपत्राचा कोपरा उडत होता.

"सहा महिने, मनुबाई," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त जड गेलं. "याच्यावर मी जादा जाळी द्या म्हणून सही केलीय. माझी सही आहे." मग म्हणाली, "मी होडीत यायला पाहिजे होतं. मीच नाही आले."

"त्यांनी मुद्दाम नाय केलं, बाय. त्यांना रिकामं जाळं धरवत नाय."

"मला कळतंय. पण हे असं कागदावर नाही लिहिता येत." तिनं डोळे चोळले. "जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. रिन्यू होईल की नाही माहीत नाही. ते सोडा. मला दाजीकाकांचं नाव घालावं लागेल. आणि बारीक जाळी बंद होतील. तुमचीसुद्धा."

"माहीत हाय."

"मग कशाला सांगितलंत? तुम्ही नसतं सांगितलं तर मला कळलं नसतं."

"कळलं असतं," मनुबाई म्हणाली. "पुढच्या वर्षी कळलं असतं. तवा मोजायला काय नसतं."

माधवीताईंनी निघताना तिच्या हातात लाडवांचा डबा दिला. तो तिनं बाजारातल्या ओळखीच्या बाईला देऊन टाकला. घरी नेला असता तर कुठून आणला ते सांगावं लागलं असतं.

*

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. आठवड्यात दोन साहेब आले, उत्तरा होडीत बसली, सहा जाळी सहा कॅनांना खेटून टाकली. जाळ्यामागे सरासरी एकोणीस भरली. हुकूम निघाला: कुंभेरी धरणात बारीक आसाचं जाळं बंद. या दसऱ्यापर्यंत नाही, त्याच्या पुढच्या दसऱ्यापर्यंत. घरटी चार प्रमाणे छप्पन्न जाळी मोजून समाजमंदिराच्या खोलीत रचली, दोरीनं बांधली, गाठीवर लाख लावली. दाजीनं आपली चार स्वतः नेऊन दिली. रांगेत त्याच्या पुढेमागे कोणी उभं राहिलं नाही.

त्या संध्याकाळी सोसायटीची मिटिंग बसली. दाजी गेला नाही. मनुबाई गेली, दाराशी उभी राहिली. बसायला कोणी सरकलं नाही.

"बोल की," वरच्या आळीतली रमाबाई म्हणाली. "डोंबिवलीला जाऊन बोल्लीस ना? हितं पन बोल. तुझ्या नवऱ्यानं आकडा फुगवला म्हनून जाळी वाढली, तू आकडा फोडलास म्हनून जाळी गेली. दोन्ही टायमाला तुमचंच घर. आम्ही काय केलं?"

"काय नाय केलं," मनुबाई म्हणाली. "माफी मागायला आले. आम्ही जातो इथून. ठाकुर्लीला जुनं घर हाय, पडकं, पन हाय."

"जातीस?" हसुराम एवढा वेळ खाली बघत होता. आता त्यानं मान वर केली. "कुठं जातीस? बस. ऐक. मोजनी चालू राहनार हाय. तो दसरा आला तरी, लागोपाठ तीन महिने चाळीसच्या वर आकडा आला तरच जाळी सुटतील, असं कागदावर हाय. आनि मोजायला ऑफिसला तू पायजेस. साहेब बोल्ला, ज्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याचं सांगितलं ती खोटं मोजनार नाय. दुसऱ्या कोनाचा आकडा ऑफिस घेनार नाय." त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "तू गेलीस तर आकडा गेला. आकडा गेला तर जाळी गेली. आता कळलं? तुला इथून हलता येनार नाय, ताई. आम्ही हलू देनार नाय."

"मग दुसऱ्याला द्या होडी. त्यांना सोडा."

"होडी हाकायला कोन येनार? त्या कामाची मजुरी आपल्यापैकी कोनी घेनार नाय, असं ठरलंय. तुमची तुम्ही खा."

म्हणजे चौदा घरांत एकाच घराला पाण्यावरून मजुरी, आणि ती घेतल्याबद्दल तेरा घरांची तोंडं फिरलेली. न घेता जायचं तर वाट बंद. मनुबाई घरी आली. दाजीनं पत्र्याची पेटी काढून त्यात कपडे भरायला घेतले होते. तिनं सगळं सांगितलं. त्यानं एकेक कपडा काढून पुन्हा खुंटीला लावला.

*

श्रावणापर्यंत धरण काठोकाठ भरलं. जुनं देऊळ, चौथरा, वैशाखातला चिखल, सगळं खाली गेलं. दक्षता डोंबिवलीत आता करंदी आणि सुका बोंबील घाऊक घेऊन विकत होती, दुसऱ्याच्या पाटीशेजारी, दुसऱ्याच्या मर्जीनं. उत्तराला लेखी खुलासा द्यावा लागला होता. करार एक वर्षानं वाढला, पण ऑफिसनं होडीवर एक नारिंगी डबी बसवली. होडी कुठून कुठे गेली ते डबीत उमटायचं. आषाढातल्या मोजणीत सरासरी बावीस आली होती.

त्या दिवशी चारला मनुबाई आणि दाजी जाळी सोडायला निघाले तेव्हा काठावर कोळवाडी बसली होती. असं आता दरवेळी व्हायचं. कोणी बोलवायचं नाही, कोणी बोलायचं नाही. पुरुष खडकावर, बायका चिंचेखाली. हसुराम, रमाबाई, तिची लेक दर्शना मांडीवर पोर घेऊन. होडी कुठे जाते ते बघत बसायचे, सकाळी आकडा ऐकायला पुन्हा यायचे.

एक नंबर झाला. दोन नंबर झाला. आभाळ झाकोळलं होतं, वारा पडला होता, पाणी तेल ओतल्यासारखं सपाट. उजव्या अंगाला, ओहोळ धरणाला मिळतो तिथे, पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. हजारांनी. वर कुठेतरी जी थोडी मासळी चढली होती, तिची पिल्लं उतरली होती. दोन बगळे तिथेच खाली येत होते.

दाजीनं बघितलं. मनुबाईनंही बघितलं. मग तिला जाणवलं, की होडीचं तोंड वळतंय. हळू, अगदी सवयीनं, निळ्या कॅनापासून उजवीकडे.

"अवो, इथं नाय."

दाजीचं वल्हं चालूच होतं. त्याचे डोळे वर्तुळांवर होते.

"दाजी!" काठावरून हसुरामची हाक आली. "कुठं चाललात?"

खडकावरचे दोघेतिघे उभे राहिले. दाजीनं दचकून वल्हं पाण्याबाहेर काढलं. होडी आपल्या वेगानं आणखी थोडी ओहोळाकडे गेली आणि थांबली. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"मी नाय वळवली," तो हळूच म्हणाला. "आईशप्पत, मनू. हात वळला."

"माहीत हाय मला."

"मला नाय जमायचं. मी उगीच सांगतोय तुला जमेल म्हनून. मला नाय जमायचं."

ती मागून उठली. होडी डगमगली, तिनं एक हात त्याच्या खांद्यावर टेकला आणि दुसरा पुढे केला. "द्या."

त्यानं वर बघितलं. कोळ्याच्या हातातलं वल्हं बायको मागते आहे आणि तेरा घरं काठावर बसून बघताहेत, हे दोघांनाही कळत होतं. त्यानं काठाकडे बघायचं टाळलं. बोटं एकेक करून सुटली. वल्हं तिच्या हातात आलं तेव्हा त्याच्या तळव्याची ऊब लाकडावर तशीच होती.

मनुबाईला होडी हाकता यायची, पण सरळ नाही. तोंड एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे. काठावरून कोणीतरी हसलं, मग तेही थांबलं. वर्तुळं मागे पडत गेली. दाजी पुढच्या फळीवर गुडघे जवळ घेऊन बसला होता, रिकामे हात मांडीवर उताणे ठेवून, जणू कोणी त्यात काही ठेवील.

कॅन होडीला येऊन आपटला. तीन.

"सोडा," ती म्हणाली.

तो हलला नाही.

तिनं वल्हं आडवं ठेवलं. जाळ्याची गुंडाळी स्वतःच्या पायाशी ओढली, कॅनाच्या दोरीला टोक बांधलं आणि जिथं काही नव्हतं तिथं, हात हात मोजत, तीस मीटर जाळं पाण्यात सोडलं. शेवटचा तरंग पाण्यावर बसल्यावर ती काठावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "तीन झालं."

मग तिनं वल्हं उचललं आणि होडी चार नंबरकडे वळवली.